आईच्याही आधी आजी : डॅशहाउंड पिल्लाच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब नागपूरच्या महाल भागातलं. जुनं दुमजली घर, खाली भाड्याने दिलेला गाळा, वर राहती जागा आणि मधे उभा, अरुंद लाकडी जिना. घरात चौघं: बँकेत नोकरीला असलेले वडील, शिकवण्या घेणारी आई, नववीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. जिना मात्र तसाच ठेवलाय, पुढे त्याचं काम आहे.

मुलीने मैत्रिणीकडे डॅशहाउंड, म्हणजे लांब पाठीचा, आखूड पायांचा कुत्रा, पाहिला आणि हट्ट धरला. वडिलांचा हिशेब असा की आकाराने लहान, म्हणजे व्यापही लहान. हा हिशेब माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी मांडला जातो. डॅशहाउंड जर्मनांनी तयार केला तो बिळात शिरून बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याला भिडायला. नावातला 'डाख्स' म्हणजे बॅजरच. बिळात मालक हुकूम द्यायला नसतो, त्यामुळे स्वतःच्या डोक्याने चालणं त्याच्या रक्तातच आहे. जिन्यावर दूधवाल्याचं पाऊल पडलं की आजूबाजूच्या दोन घरांना कळतं. कुंड्या उकरणं हा खानदानी धंदा. हे सगळं मी त्यांना सांगितलं, पण उशिरा. तोवर ५,००० रुपये आगाऊ देऊन झाले होते.

वडिलांनी एक शहाणपण केलं होतं. उरलेले पैसे देण्याआधी डॉक्टरला दाखवतो, असं ब्रीडरला सांगून ते पिल्लू दोन तासांसाठी घेऊन आले. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. चौघंही सोबत, आजीसुद्धा, कमरेला पट्टा बांधून.

अडचण

पिल्लू दिसायला फारच गोड होतं. बरंचसं पांढरं, त्यावर राखाडी ठिपके, दोन्ही डोळे निळे. ब्रीडरने रंगाचं नाव सांगितलं होतं 'डबल डॅपल', आणि 'रेअर' म्हणून २८,००० भाव. लसीच्या कार्डावर दोन लसींची स्टिकरं डकवलेली, पण डॉक्टरची सही नाही, शिक्का नाही, नोंदणी क्रमांक नाही. जन्मतारखेवरून हिशेब केला तर पिल्लू ३६ दिवसांचं. श्वान पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. हा नियम वडिलांना माहीत नव्हता. ब्रीडरला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मी पोट चाचपत होतो. ढोलकीसारखं तट्ट फुगलेलं, म्हणजे जंत. हिरड्या फिकट. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मी केव्हाची चुटक्या वाजवून राहिली, हे पाहून नाही राहिलं माझ्याकडे."

खरं सांगतो, मी अजून कानांपर्यंत पोचलो नव्हतो.

बहिरं पिल्लू ओळखणं वाटतं तितकं सोपं नसतं. भावंडांत असलं की त्यांचं बघून तेही मान वळवतं, धावतं. मालकाला वाटतं, ऐकू येतंय. घरी लोक स्टीलचं ताट आपटून पाहतात, त्याचा हादरा फरशीतून पायांना कळतो आणि पिल्लू दचकतं. म्हणून ते एकटं हवं, पाठमोरं हवं, खाली जाड गादी हवी आणि आवाज करणाऱ्या हाताची सावली किंवा वारा त्याच्यापर्यंत जाता कामा नये. तसं करून किल्ल्या वाजवल्या, शिटी मारली. काही नाही. मग ते आईच्या मांडीवर झोपी गेल्यावर कानामागे टाळी वाजवली. ते झोपलेलंच राहिलं. उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान होता आणि त्याची बाहुली नीट गोल नव्हती.

कारण रंगातच होतं. डॅपल म्हणजे इतर जातींत ज्याला मर्ल म्हणतात तोच रंग. या जनुकाची एक प्रत मिळाली तर ठिपके येतात, बहुधा एवढंच. आई-बाप दोघंही डॅपल असतील तर सरासरीने चारातल्या एका पिल्लाला दोन प्रती मिळतात, आणि मग पांढरेपणासोबत बहिरेपण, लहान राहिलेले किंवा अधू डोळे येऊ शकतात. ज्याला 'रेअर' म्हणून जास्त पैसे मागितले जात होते, तो खरं तर टाळायला हवा असलेला जोड होता.

वडील म्हणाले, "पण सर, बाप साधा लाल आहे, त्यांनी फोटो पाठवलाय." फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. लाल अंगावर डॅपलचे ठिपके कधीकधी दिसतच नाहीत. बापाच्या डाव्या डोळ्यात मात्र निळ्या रंगाची एक फाक होती. ब्रीडरने मुद्दाम केलं की त्यालाही कळलं नाही, हे मी सांगू शकत नाही. अंगावर न दिसणारा डॅपल जनुकीय चाचणीत कळतो. ती केली नव्हती एवढं नक्की.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न आईने विचारला, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. "आपण नाही घेतलं तर याचं काय होईल?" बहिरा कुत्रा चांगलं आयुष्य जगू शकतो, हाताच्या खुणांवर तो शिकतो. पण इथे नजरही अधू होती, आणि कुटुंबाचा हा पहिलाच कुत्रा. शिवाय २८,००० रुपये हातात पडले की पुढच्या हंगामात तोच जोड पुन्हा लागणार. हे मी मुलीसमोरच बोललो. ती रडली. बाहेर जाऊन बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

दुसरा पर्याय ब्रीडरने फोनवरच दिला. त्याच वेतातलं काळं-तांबडं भावंड, ठणठणीत, पेपरसहित (म्हणजे वंशाच्या प्रमाणपत्रासह), किंमत कमी, आगाऊ रक्कम त्यातच वळती. इथे कुटुंब जवळजवळ हो म्हणणार होतं, आणि रंगापुरतं बोलायचं तर त्या पिल्लात खोट नव्हती. मी विचारलं, पिल्लांच्या आईला बघता येईल का? उत्तर आलं, "ती गावाकडे आहे, साहेब." वय किती? चौदा महिने.

इथे डॅशहाउंडचा खरा प्रश्न सुरू होतो आणि म्हणून जरा थांबतो. आखूड पाय ज्या जनुकीय बदलांमुळे येतात, त्यांतलाच एक मणक्यांमधल्या गाद्यांना अकाली म्हातारं करतो. गादीचा आतला मऊ भाग लहान वयातच सुकतो, त्यात चुना साठतो, आणि एखाद्या दिवशी ती फुटून मज्जारज्जूवर दाबते. दर चार-पाच डॅशहाउंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुतेकदा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान. आजींनी मधेच विचारलं, "म्हणजे माझ्यासारखीच गादी सरकते म्हणा याची?" तसंच. फरक एवढाच की आजी पट्टा बांधून दवाखान्यात चालत आल्या. कुत्र्याचे मागचे पाय एका रात्रीत जाऊ शकतात.

जनुकीय चाचणीचा इथे फारसा उपयोग नाही, कारण या जातीत जवळजवळ प्रत्येकात तो बदल असतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाची पाठ तपासूनही काही कळत नाही. आपण खाण तशी माती म्हणतो आणि लोक त्याप्रमाणे आई बघायला जातात. पण चौदा महिन्यांच्या आईची पाठ चांगलीच असणार. तिचं त्रासाचं वय अजून यायचंय. माहिती मिळते ती आईच्या आईकडून, आजीच्या भावंडांकडून, म्हणजे ज्यांनी सहा-सात वर्षं ओलांडली आहेत त्यांच्याकडून. डॅशहाउंड घेताना आईच्याही आधी आजी बघावी.

पेपरचंही तेच. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशाची नोंद सांगतं; गाद्या, डोळे, कान याबद्दल त्यात चकार शब्द नसतो. त्याचा उपयोग वेगळा आहे. त्यावर आजी-आजोबांची नावं असतात. एकच नाव दोन्ही बाजूंना आलं तर विचारायचं, आणि आजी कोणाकडे आहे ते शोधून फोन करायचा. पेपरवालं पिल्लू घेणारे लोक हा कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवतात, वाचत नाहीत.

बाकीचे पर्याय लवकर निकालात निघाले. दुसऱ्या शहरातून व्हिडिओ कॉलवर पिल्लू पसंत करून ट्रॅव्हल्सच्या बसने मागवणं: आई वडिलांना, वडील आईला विचारत होते, मी सरळ नाही म्हटलं. कोणीतरी सोडून दिलेला पाच वर्षांचा डॅशहाउंड त्या वेळी माझ्या ओळखीत होता. माझ्या मते तो उत्तम पर्याय होता, कारण त्याची पाठ निम्मी परीक्षा पास झाली होती. मुलीला पिल्लूच हवं होतं आणि मी फार ताणलं नाही.

राहिला शेवटचा: थांबणं. पुढे नागपूरचा उन्हाळा होता. एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांत, कूलरच्या भरवशावर नवं पिल्लू घरी आणू नये हे माझं जुनं मत, तेही कामी आलं.

निर्णय आणि कृती

पांढरं पिल्लू त्याच संध्याकाळी परत गेलं. मी जंताचं औषध दिलं, पैसे घेतले नाहीत. ५,००० बुडाले. वडिलांनी आठवडाभर फोन केले, मग सोडून दिलं. आगाऊ रक्कम देताना 'तपासणीत दोष निघाला तर परत' एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर लिहून घेतली असती तर निदान भांडायला कागद होता.

मार्च ते मे या काळात त्यांनी सहा ठिकाणी चौकशी केली. माझ्या सांगण्यावरून प्रत्येकाला सुरुवातीला एकच प्रश्न: पिल्लांची आजी कुठे आहे आणि चालते का? दोघांनी फोन ठेवला. एक म्हणाला, "आमच्या लाइनमध्ये आजवर पाठीचं काहीच नाही." हे उत्तर ऐकायला गोड, पण ज्या जातीत चार-पाचांत एकाला त्रास होतो तिथे असं म्हणणारा एकतर विकलेल्या पिल्लांची खबर ठेवत नाही किंवा सांगत नाही. एकाने 'टीकप डॅशहाउंड' देऊ केला. कुठल्याही केनेल क्लबात असा आकारच नाही. स्टँडर्ड आणि मिनिएचर असतात, युरोपात त्याहून लहान रॅबिट नावाचा एक प्रकार मानतात, बस.

पाचवा फोन कामठीच्या एका जोडप्याकडे लागला. त्यांच्या घरात दोन पिढ्या एकत्र होत्या. आजी आठ वर्षांची, आई साडेतीन वर्षांची. तीन वेतं झालेली म्हणून आजीला आता विश्रांती. आजी अंगणात स्वतःच्या पायांवर भटकत होती, खारीमागे पळत होती. आणि मालकीणबाईंनी न विचारता सांगितलं, "हिच्या सख्ख्या बहिणीला पाचव्या वर्षी झटका आला होता हो. दीड महिना पिंजऱ्यात ठेवली, मग चालाले लागली."

परतीच्या वाटेवर वडिलांचा मला फोन. "सर, मग हे पण नाही ना?"

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण मला हा वाटतो, पांढऱ्या पिल्लाचा नाही. तिथे उत्तर स्पष्ट होतं. इथे ब्रीडरच्या प्रामाणिकपणाचीच त्याला शिक्षा होणार होती. मी म्हटलं, निर्दोष वंश शोधाल तर डॅशहाउंड मिळणारच नाही. ज्याला स्वतःच्या कुत्र्यांचे आजार माहीत आहेत आणि जो ते सांगतो, त्याच्याकडे घ्या. त्यांनी आईचा एक्स-रे काढलाय का, एवढं विचारायचं राहिलंय. युरोपातल्या काही देशांत पैदाशीआधी दोन ते चार वर्षांच्या दरम्यान पाठीचे एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात. पाच किंवा जास्त निघाल्या तर त्या कुत्र्याची पैदास करू नये असा सल्ला देतात. कामठीच्या बाईंनी हे ऐकलंच नव्हतं. तरी तयार झाल्या. आईच्या एक्स-रेमध्ये अशी एक गादी दिसली. ती गाभण राहायच्या आत हे झालं, हे बरं झालं. बाप काळा-तांबडा, म्हणजे डॅपलचा प्रश्न मिटला; त्याचं वय पाच, पाठ ठीक.

जूनच्या शेवटी चार पिल्लं झाली. सातव्या आठवड्यात मी कामठीला जाऊन ती पाहिली. मुलीला आधी धावत येणारं हवं होतं. पण धीटपणा दिवसातल्या वेळेनुसारही बदलतो, झोपून उठलेलं पिल्लू कोणाकडेही धावतं. मी प्रत्येकाला वेगळ्या खोलीत नेलं. एका नराचा एक वृषण खाली उतरला नव्हता, एका मादीच्या बेंबीपाशी लहानसा हर्निया होता, तिसऱ्याचा खालचा जबडा जरा पुढे. तिन्ही घरगुती सोबतीला चालण्यासारखे दोष होते आणि बाईंना ते तसं लिहून देऊन किंमत कमी करायला सांगितलं. चौथा, लाल रंगाचा नर, सगळ्यांत मध्यम: ना धीट, ना भित्रा. किल्ल्यांचा आवाज आला तर मान वळवली, अनोळखी फरशीवर जरा थबकला, मग हुंगत निघाला. पाठीवर हात फिरवला तर मणके बोटांना लागत होते पण डोळ्यांना दिसत नव्हते. शेपटीचं टोक सरळ. विष्ठा बांधलेली.

नवव्या आठवड्यात, २.२ किलोचा असताना, तो घरी आला. तारीख पोळ्याच्या आसपास येत होती. महालात मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल आणि डीजे दणाणत असताना नवं पिल्लू नको, म्हणून तान्ह्या पोळ्यानंतर आणलं. मायक्रोचिप होती, कार्डावर सही-शिक्का होता. किंमत २२,०००. पुढच्या लसी सोळा आठवड्यांपर्यंत चालल्या, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती केव्हा सरते हे पिल्लागणिक वेगळं असतं आणि मधल्या फटीत पार्व्हो हा जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू शिरतो. तोवर त्याला रस्त्यावर उतरवायचं नाही, असं ठरलं. आजी त्याला कडेवर घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, हे मी त्यांना एकदाच शिकवलं.

काय वेगळं करता आलं असतं

माझी पहिली चूक: मी पिल्लू तपासलं, घर तपासलं नाही. जिन्याबद्दल मला कळलं ते तिसऱ्या भेटीत. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर 'डॅशहाउंड हवाच का' ही चर्चा झाली असती. नंतर जिन्याला वर आणि खाली छोटं फाटक बसलं, पायऱ्यांवर रबरी पट्ट्या आल्या, पलंगाला उतरण आली. सगळं मिळून पिल्लाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा खर्च, जो कोणी धरला नव्हता.

दुसरी: कामठीच्या पिल्लांच्या विष्ठेची तपासणी मी केली नाही, बांधलेली दिसली म्हणून. दहाव्या दिवशी जुलाब लागले. पार्व्होची झटपट चाचणी निगेटिव्ह आली, सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी निघाला. औषधाने बरा झाला, पण तीन रात्री घरात कोणी झोपलं नाही.

तिसऱ्या गोष्टीला चूक म्हणावं का, माहीत नाही. ते पांढरं पिल्लू कुठे गेलं, मी विचारलं नाही. आईने मला दोनदा विचारलं.

सध्याची स्थिती

नर आता अठरा महिन्यांचा आहे. ऐकू उत्तम येतं. फ्रिजचं दार उघडल्याचं जरा जास्तच. सहाव्या महिन्यात नसबंदी करायची असं घरच्यांनी ठरवलं होतं, मी थांबवलं. या जातीत वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये गादीचा त्रास जास्त आढळला आहे.

वजनाचं मात्र बिनसलं. चौदाव्या महिन्यात काट्यावर ११.३ किलो, त्याच्या हाडापेराला ९ पुरे. तपास केल्यावर तुपाची पोळी, पाटोडीचे तुकडे आणि एकदा चक्क तर्री निघाली. आजी म्हणाल्या, "तो असा पाहते डॉक्टर, का घास उतरत नाही माह्या गळ्यातून." मी त्यांचाच पट्टा दाखवला. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तेच मी त्याला सांगत होतो. आता त्याच्या वाटणीची पोळी काकडीने भागवतात, रोज सकाळी मुलगी त्याला चाळीस मिनिटं फिरवते. कालच्या मोजणीत ९.९.

घरच्यांना एवढं पाठ आहे: पाठ कमानीसारखी झाली, उचलताना कण्हला, पलंगाशी येऊन थांबला तर फिरणं बंद आणि फोन, मागचे पाय लटपटले किंवा ओढले तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी.

गेल्या महिन्यात नंदनवनमधल्या एका कुटुंबाने त्याला त्यांच्या मादीसाठी मागितलं. मेटिंगचे पैसे किंवा एक पिल्लू, असा प्रस्ताव. वडील मला विचारायला आले, पण उत्तर घेऊनच आले होते. जूनमध्ये त्याला दोन वर्षं पूर्ण होतील; ऊन उतरल्यावर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठीचा एक्स-रे काढायचा, तोवर काही नाही. मादी किती वर्षांची, मी विचारलं. अकरा महिन्यांची. आणि तिची आई कोणाकडे आहे, हे नंदनवनवाल्यांनाही ठाऊक नव्हतं.